बाबांनी केलेली माती

बाबांनी कोल्हापूरच्या घराला कुलूप लावलं, तेव्हा दादा, तू गाडी चालू करून बसला होतास. मागच्या सीटवर मी, शेजारी बाबांची एक बॅग आणि एक पिशवी. आईला जाऊन दोन महिने झाले होते. बाबांनी कुलूप लावलं, ओढून पाहिलं, दोन पायऱ्या उतरले आणि परत जाऊन पुन्हा ओढून पाहिलं. तू हॉर्न वाजवला नाहीस, मीही हाक मारली नाही. मग ते येऊन पुढच्या सीटवर बसले आणि म्हणाले, "चला." मुंबईच्या विमानतळापर्यंत त्यांचं बोलणं एवढंच.

निघण्याआधी तासभर एक गोष्ट झाली होती, ती तुला माहीत नाही. मी त्यांची बॅग तपासत होते. कपड्यांखाली एक छोटी कापडी पिशवी निघाली, तोंडाशी सुतळीने बांधलेली. बाबांच्या ऑफिसात शेतकरी ज्या पिशव्यांमधून मातीचे नमुने आणायचे, तसलीच. आत अंगणातली माती होती, किलोभर असेल. मी म्हटलं, "बाबा, माती नेऊ देत नाहीत. विमानतळावर अडवतील." ते "बरं" म्हणाले आणि पिशवी घेऊन जास्वंदीच्या बुंध्याशी रिकामी करून आले. मला हायसं वाटलं. तेव्हा मला फक्त इमिग्रेशनच्या रांगेची काळजी होती.

आता तू सांगलीत आणि मी इथे. बाबांना जाऊन वर्ष उलटलं. वर्षश्राद्धाला आले होते तेव्हा तू मला विचारलंस, "वैशू, बाबा सहा महिन्यांत परत का आले गं? तुझ्याकडे त्यांचं चांगलं चाललं होतं ना?" मी म्हटलं, त्यांना करमत नव्हतं. तू मान हलवलीस, पण तुझा विश्वास बसला नाही हे मला दिसलं. परवा फोनवर तू पुन्हा विचारलंस. तोंडाने सांगणं मला जमणार नाही, म्हणून लिहितेय.

मी कोल्हापूर सोडलं त्याला तेरा वर्षं झाली. लग्नानंतर मंदारला इथे नोकरी लागली, मागोमाग मलाही तांजोंग पगार भागातल्या एका बँकेच्या हिशेब विभागात मिळाली. तीन वर्षं राहून परत यायचं ठरलं होतं. आई दर फोनला शेवटी एकच वाक्य बोलायची, "यंदा येताय ना?" पहिली काही वर्षं मी तारखा सांगायचे, नंतर "बघू" म्हणायला लागले. पुढे तिने विचारणंच बंद केलं. ती गेली तेव्हा मला सकाळचं विमान मिळालं नाही. मी पोचले तोवर सगळं आटोपलं होतं आणि घरात नातेवाईक चहा घेत बसले होते. बाबांना इथे आणायचा हट्ट मी धरला तो त्यामुळेच. तू म्हणत होतास, "त्यांना इथंच राहू दे, मी आहे की." मी ऐकलं नाही. मला काहीतरी भरून काढायचं होतं.

आमचा फ्लॅट बेडोकला, नवव्या मजल्यावर, भाड्याचा. बाबांसाठी इथे राहायचा लाँग टर्म पास काढला होता. पहिले दोन महिने ते खिडकीशी बसून असायचे. सकाळी मी आणि मंदार एमआरटीची ट्रेन पकडायला निघालो की ते दारापर्यंत येत. सानिका शाळेतून आली की तिच्यासाठी दूध गरम करत. ती त्यांच्याशी इंग्रजीत बोले, ते मराठीत उत्तर देत, आणि दोघांचं बरं चाले. बाकी दिवसभर ते काय करत, मला माहीत नाही. विचारलं तर म्हणत, "काही नाही, बसलो होतो."

एके दिवशी मी घरी आले तर स्वयंपाकघरात निळा टब. सानिका लहान असताना तिला आंघोळ घालायचो तो, स्टोअररूममधून काढलेला. बाबा जमिनीवर मांडी घालून त्यात काथ्याच्या भुशाची, कोकोपीटची वीट पाण्याने फोडत होते. माझ्याकडे न बघता म्हणाले, "वैशू, तुझ्या या कुंड्यांतली झाडं मरतात का, कळलं मला. ही माती नाही, नुसता भुसा आहे. हिच्यात जीवच नाही."

दादा, तुला त्यांचा तो आवाज आठवतो? माती परीक्षणाच्या ऑफिसातून घरी आले की ज्या आवाजात ते आईला सांगायचे, आज अमक्या गावाची माती आली होती, सामू इतका, सेंद्रिय कर्ब अगदीच कमी, उसाने पार पिळून काढलीय. तो आवाज मी आई गेल्यानंतर पहिल्यांदा ऐकला. मी पर्स खांद्याला तशीच ठेवून तिथे उभी राहिले.

त्यानंतरचे तीन महिने चांगले होते. अगदी खरं सांगते, या घरातले सगळ्यात चांगले.

त्यांना जिवंत माती करायची होती, आणि तीही घरातल्या कुंड्यांसाठी, जिथे ऊन कमी, पाऊस नाही आणि खालची जमीन नाही. म्हणत, "बाहेरच्या झाडाला जमीन सांभाळते. कुंडीतल्याला कोण सांभाळणार? आपण त्याला आधीच सगळा संसार मांडून द्यायचा." कोकोपीट, खालच्या सामुदायिक बागेतून आणलेलं गांडूळखत, त्यातून आलेली गांडुळं, लिटल इंडियातल्या दुकानातली निंबोळी पेंड. अंड्यांची टरफलं वाळवून त्यांनी माझ्या मिक्सरमध्ये बारीक केली. मी ओरडले, तर दुसऱ्या दिवसापासून वरवंटा म्हणून लाटणं वापरू लागले. हवा खेळायला हवी म्हणून फुटक्या कुंडीचे खडे करून घातले. तांदळाचं धुवण सिंकमध्ये ओतायचं नाही, टबासाठी ठेवायचं, अशी मला ताकीद. टबावर ओलं गोणपाट. रोज सकाळी ते गोणपाट उचलून मूठभर माती घेत, दाबून लाडू करत, मग बोटाने टिचकी मारत. लाडू फुटला की ओल बरोबर. मग वास घेत. सानिकाही घ्यायची. "आजोबा, स्मेल्स लाइक फॉरेस्ट," एकदा म्हणाली. बाबांनी तिला बक्षीस म्हणून टरफलं कुटायला दिली.

मी विचारलं होतं, "यात लावणार काय?" तर म्हणाले, "आधी माती होऊ दे."

एक गंमतही झाली. सानिकाने त्यांना टॅबवर व्हिडिओ शोधून दिले होते. त्यातला एक अमेरिकन दाढीवाला त्यांचा आवडता झाला. तो बंद खोलीत दिव्यांखाली, कुंड्यांमध्ये, हीच जिवंत माती करायचा. बाबांना त्याचं इंग्रजी निम्मंच कळे, पण माती हाताळायची त्याची पद्धत कळे. त्याचं बघून वहीत नोंदी करायचे. एका संध्याकाळी सानिका मागून आली, दोन मिनिटं पाहिलं आणि किंचाळलीच, "आजोबा, कॅनॉट ला! ही इज ग्रोइंग ड्रग्ज!" दाढीवाला गांजा लावत होता. शाळेत मुलांना याबद्दल इतकं सांगितलेलं असतं की पोरगी खरंच पांढरी पडली होती. बाबांनी चष्मा पुसला आणि पुन्हा नीट पाहिलं. "अरेच्चा! मी समजत होतो टोमॅटोचं रोप आहे कसलंतरी." मग तिला जवळ घेऊन म्हणाले, "तो लावतो ते लावू नये बाळ. चूकच आहे. पण माती मात्र मन लावून करतो बघ."

मंदार पोट धरून हसला. मी हसले नाही. मी टॅब घेतला, सगळी हिस्ट्री पुसली आणि बाबांना सांगितलं, आता व्हिडिओ नकोत. आमचा पीआरचा, म्हणजे इथे कायम राहायच्या परवानगीचा, अर्ज आत होता. आधी दोनदा नाकारला गेला होता आणि कारण काय, ते इथे सांगत नाहीत. मग माणूस स्वतःच कारणं शोधत बसतो. कुणाशी भांडण नको, कुणाची तक्रार नको, दारात जास्तीची चप्पलसुद्धा नको. तू म्हणशील, व्हिडिओ बघण्याने काय होतंय? काहीच होत नाही, मलाही कळत होतं. पण जिथे राहायची परवानगी मागावी लागते, तिथे भीतीला कारण लागत नाही. बाबा "बरं" म्हणाले.

टॅब गेला तसे ते रोज सकाळी बाजारात जाऊ लागले. तिथे हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे खाण्याच्या टपऱ्या असतात तिथे, सोयाबीनचं दूध विकणारा एक म्हातारा चिनी माणूस होता. या दोघांना एकमेकांचं एक अक्षर कळत नसे. बाबा रोज एक पेला दूध घेत आणि तिथेच बसून पीत. मग कधीतरी त्याने दूध गाळून उरलेला चोथा पिशवीत बांधून दिला. बाबा घरी आले ते खजिना मिळाल्यासारखे. "वैशू, नत्र आहे यात नत्र! हा फेकून देतो रोज!"

चोथा ओला होता आणि बाबांनी तो जास्त घातला. त्यांच्या हातून इतक्या वर्षांत अशी चूक झाली नसेल, पण इथली हवा वेगळी, दमट. दोन दिवसांत टब आंबला. घरभर वास सुटला आणि चिलटं आली. बाबा शांत होते. त्यांनी गोणपाट काढलं, वरचा थर हलवून मोकळा केला. "आंबलीय फक्त वरून. सुका पाला लागेल आणि हवा. चार दिवसांत येईल ताळ्यावर."

त्याच संध्याकाळी घरमालकीणबाईंचा फोन आला. शेजारच्या कुणीतरी त्यांना वासाचं कळवलं होतं. त्या चिडल्या नव्हत्या. शनिवारी येऊन एकदा बघते म्हणाल्या, तसाही भाड्याचा करार नवा करायचाच आहे. मी दहा वेळा सॉरी म्हटलं. फोन ठेवला. करार नाही झाला तर पत्ता बदलणार, पत्ता बदलला तर अर्जात कळवावं लागणार, तक्रार कुठे नोंदली गेली असेल तर... असं एकाला एक जोडत मी कुठल्या कुठे गेले.

बाबांना म्हटलं, "शनिवारच्या आत हे काढावं लागेल."

ते म्हणाले, "मंगळवारपर्यंत दे. मंगळवारी वास असला तर मी स्वतः टाकून देतो."

मी काहीच बोलले नाही. त्यांना वाटलं असेल, मी कबूल झाले.

शुक्रवारी मी घरून काम घेतलं. दहा वाजता बाबा नेहमीसारखे पिशवी घेऊन निघाले. म्हणाले, "पाला गोळा करून आणतो. उद्याच्या आत घातला तर वास बराच खाली येईल." मी दार लावून घेतलं.

आमच्या स्वयंपाकघरात कचऱ्याची शूट आहे. भिंतीत एक झाकण असतं, ते ओढून पिशवी टाकायची की ती थेट तळमजल्यावर जाते. मोठी पिशवी मावत नाही. म्हणून मी लहान पिशव्या घेतल्या, हातमोजे घातले आणि नाकाला ओढणी बांधून माती भरायला लागले. पहिल्या चार पिशव्या आंबट, चिकट. पाचव्या पिशवीला वास बदलला.

दादा, इथेच मी थांबायला हवं होतं. वरचा वीतभर थर खराब होता. त्याच्या खाली काळीभोर, रवाळ माती होती. कोकोपीट कुठलं आणि खत कुठलं, ओळखू येत नव्हतं. मी हातमोजा काढून ती मुठीत धरली. दाबली तर लाडू झाला, बोट लावलं तर फुटला. आतून एक गांडूळ निघालं, करंगळीएवढं लांब. आपल्या अंगणात आई खुरप्याने उकरायची तेव्हा जो वास यायचा, तो वास होता. बाबांनी बिया, रोपं, काहीच न आणता त्या टबात तेवढं करून ठेवलं होतं. माती झाली होती.

आणि तरी मी हातमोजा पुन्हा घातला. वरचं काढून खालचं ठेवावं, एवढी साधी गोष्ट मला सुचली नाही असं म्हणू शकले असते, पण ते खोटं आहे. सुचली होती. पण मग बाबांशी बोलावं लागलं असतं, वाट बघावी लागली असती, आणि उद्या कुणीतरी विचारलं असतं की हे काय आहे. मला टब रिकामा हवा होता. सव्वीस पिशव्या झाल्या. प्रत्येक पिशवी नऊ मजले खाली जाऊन पडायची, त्याचा धप्प आवाज यायचा आणि मी पुढची भरायला घ्यायचे. शेवटी टब फिनेलने धुतला आणि उन्हाच्या बाजूला उभा करून ठेवला.

बाबा साडेअकराला आले. घामाघूम झाले होते. पिशवी भरून सुकी पानं होती, मधले देठ काढून साफ केलेली. बसून एकेक देठ काढला असणार. त्यांनी टबाकडे पाहिलं. मी लॅपटॉपसमोर बसले होते, मान वर केली नाही.

म्हणाले, "टब स्वच्छ धुतलास."

मी म्हटलं, "बाबा, उद्या त्या येणार आहेत. माझा नाइलाज..."

"हो गं. घर तुझं आहे," ते म्हणाले. टोमणा नव्हता, दादा. टोमणा असता तर मी भांडले असते. त्यांनी ते खरंच, समजून घेऊन म्हटलं. पानांची पिशवी दाराशी ठेवली, हात धुतले आणि मला विचारलं, "तू जेवलीस का?"

शनिवारी मालकीणबाई आल्या. एसी पाहिला, न्हाणीघरातला गळका नळ पाहिला, चहा घेतला. स्वयंपाकघराच्या दारातून नुसतं डोकावल्या. बाबांना नमस्कार करून मला म्हणाल्या, त्यांच्या वडिलांचंही मलेशियात रबराच्या झाडांवर फार प्रेम होतं. करार नवा करून गेल्या. सगळं मिळून वीस मिनिटं.

शुक्रवारीच सानिकाने शाळेतून आल्यावर विचारलं होतं, माती कुठे गेली. मी तोंड उघडायच्या आत बाबा म्हणाले, "माझंच चुकलं बाळ. पाणी जास्त झालं. खराब झाली, टाकून दिली." ती रडली. त्यांनी तिची समजूत काढली. मी तिथेच उभी होते.

रविवारी त्यांनी तिकिटाचा विषय काढला. "घर बंद राहिलं की खराब होतं," म्हणाले. मी पास अजून आहे म्हटलं, गणपतीपर्यंत थांबा म्हटलं, मंदारनेही विनवलं. त्या दिवशी मी चुकले, एवढं मात्र माझ्या तोंडून निघालं नाही. दोन आठवड्यांनी ते गेले. चांगी विमानतळावर त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "घाबरत जाऊ नकोस एवढी." माझी भीती त्यांना दिसली होती तर. मला वाटत होतं, त्यांना फक्त रिकामा टब दिसला.

ते गेल्यावर तिसऱ्या आठवड्यात पीआर मंजूर झाल्याचं कळलं. मंदार जिलेबी घेऊन आला. मी एक तुकडा तोंडात घातला आणि सिंकमध्ये थुंकला.

तुला त्यांनी सांगितलं, "तिकडचं पाणी मानवलं नाही." शेवटपर्यंत तेच सांगत राहिले. मी एकदा फोनवर सुरुवात केली होती, "बाबा, ती माती..." तर लगेच म्हणाले, "अगं, ती कधी कधी बिघडतेच. सानूचा अभ्यास कसा चाललाय?" नंतर मी ठरवलं, पुढच्या वेळी समोर बसून सांगेन. पुढची वेळ आली ती तुझ्या फोनने. तू फक्त म्हणालास, "वैशू, लगेच नीघ." या वेळी विमान मिळालं. पण ते शुद्धीवर नव्हते.

गेल्या महिन्यात मी सानिकाला खरं काय ते सांगितलं. ती आता तेरा वर्षांची आहे. तिने सगळं ऐकलं आणि म्हणाली, "बट ही ओन्ली आस्क्ड फॉर टिल ट्यूझडे, आई." उठून तिच्या खोलीत गेली. दोन दिवस माझ्याशी कामापुरतं बोलली. तिसऱ्या दिवशी स्वतः खाली बागेत जाऊन गांडूळखत घेऊन आली आणि मला म्हणाली, मला येत नाही, तू दाखव. मलाही येत नाही, दादा. आम्ही दोनदा केली. एकदा कोरडी पडली, एकदा बुरशी आली. आता तिसऱ्यांदा केलीय आणि वास बरा येतोय. तिच्यात काय लावायचं, ते आम्हाला कळत नाही. बाबांनी काय लावायचं ठरवलं होतं, ते त्यांनी कधी सांगितलंच नाही. तुला काही बोलले होते का? बोलले असतील तर मला कळव.

इथले लोक मला विचारतात, आता सिटिझनशिप घेणार का? कोल्हापूरला आले की सगळे विचारतात, परत कधी येणार? दोन्हींना मी हसून काहीतरी उत्तर देते. इथे माझं घर आहे, कागदावर आहे. तिथेही तुझ्या-माझ्या नावावर एक घर आहे. दोन्हीकडे मी कुलूप काढून आत जाऊ शकते. पण कुठल्याच घरात मला कुणी ओरडत नाही. मंदार माझी बाजू घेतो, सानिका गप्प होते, नातेवाईक पाहुण्यासारखं वागवतात. मी चुकले की मला "मूर्ख आहेस का तू?" असं तोंडावर म्हणायचा हक्क असलेली तीन माणसं होती. दोन गेली.

हे वाचून तुला माझा राग येईल. यायलाच हवा. आपल्या बाबांना मी त्यांच्या उतारवयात, आई गेलेली असताना, असं परत पाठवलं आणि वर तुझ्याशी खोटं बोलले. तू समजूतदारपणे "जाऊ दे गं" म्हणू नकोस. बाबांनी ते केलं आणि ते मला पेललं नाही. तू फोन कर आणि मला ओरड, लहानपणी ओरडायचास तसा. मी फोन ठेवणार नाही, मधे बोलणार नाही, सगळं ऐकून घेईन. दादा, मला घर म्हणायला आता एवढंच उरलंय.